केळीतलं पाणी काढून भाव चढत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात केळीचा भाव पडला की दोन गोष्टी हमखास होतात. वापसीचे, म्हणजे व्यापाऱ्यानं नाकारलेले, घड बांधावर पडतात आणि कुणीतरी जाणकार प्रक्रिया उद्योगाचा सल्ला घेऊन येतो. आधी वेफर्स झाले, जॅम झाला, खोडाचा धागा झाला. सध्या स्मूदी पावडरीचा हंगाम आहे. फळं आणि भाज्या फ्रीझ-ड्राय करायच्या, मिक्सरमधून काढायच्या, बरणीत भरायच्या; सकाळी दोन चमचे दुधात ढवळले की पोराच्या पोटात केळं, पालक, बीट, गाजर सगळं एकदम गेलं. बचत गटाच्या बायकांनी हे घरी करावं, शेतकऱ्याच्या पोरानं कर्ज काढून यंत्र आणावं, आणि फैजपूरनं तर यात सगळ्यांच्या पुढे असावं, कारण ग्रामोद्योगाचं प्रदर्शन गांधीजींनी 1936 साली इथंच उघडलं होतं. शेवटचं वाक्य भाषणात टाळ्या घेतं. लेख लिहायला बसलो ते त्याच वाक्यामुळे, पण त्याच्याकडे नंतर येतो.

या मंडळींचं म्हणणं आधी नीट मांडतो, नाहीतर वाद एकतर्फी होईल. फ्रीझ ड्रायिंग हे खरोखर देखणं तंत्र आहे. पदार्थ उणे 40 अंशांच्या आसपास कडक गोठवतात, मग भोवतीची हवा काढून दाब 6 मिलिबारच्याही बराच खाली नेतात. त्या दाबाला पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही, त्यामुळे बर्फ वितळल्याशिवाय थेट वाफ होऊन निघून जातो. पेशींच्या भिंती जागच्या जागी राहतात. स्ट्रॉबेरी स्ट्रॉबेरीसारखीच दिसते, फक्त हलकी आणि कुरकुरीत होते. उष्णता फारशी लागत नाही म्हणून रंग, वास आणि उष्णतेनं नासणारी जीवनसत्त्वं टिकतात. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव आणि पेनिसिलिन दूरवर पोचवायला हेच तंत्र कामी आलं. त्याच्याही कितीतरी आधी अँडीज पर्वतातले शेतकरी बटाटे रात्रीच्या हिमात गोठवून आणि दिवसाच्या उन्हात वाळवून वर्षानुवर्षं टिकवत आले. हे सगळं मान्य. वाळवणापेक्षा हे सरस आहे, असं म्हणणाऱ्याशी औषधाच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या बाबतीत माझं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते मिक्सरपाशी. या तंत्राचा सगळा खर्च ज्याच्यासाठी होतो ती गोष्ट म्हणजे फळाची आतली रचना शाबूत ठेवणं. दीड दिवस यंत्र चालवून ती रचना वाचवायची आणि अर्ध्या मिनिटात पात्यांखाली तिचा भुगा करायचा, यात कोणतं शास्त्र आहे? ज्याला शेवटी भुगाच हवा आहे त्याला केळं केळ्यासारखं दिसण्याची गरज नव्हती. शिवाय फ्रीझ-ड्राय फळ स्पंजासारखं सच्छिद्र असतं. दळल्यावर त्याचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि हवेतला ओलावा व ऑक्सिजन त्याच्यावर तुटून पडतात. गाजरातलं कॅरोटीन अशा सच्छिद्र भुकटीत हवेशी संयोग होऊन भराभर कमी होतं. म्हणजे जे वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते बरणीचं झाकण उघडझाक करताना जायला लागतं.

आणि वाचवायचं तरी काय होतं? प्रचारात एक आकडा सारखा फिरतो, ‘सत्त्याण्णव टक्के पोषण टिकतं’ असा. कशाचे सत्त्याण्णव टक्के, हे कुणी विचारत नाही. वाळवताना मुख्यतः जातं ते क जीवनसत्त्व. 100 ग्रॅम पिकल्या केळ्यात ते जेमतेम 9 मिलिग्रॅम असतं. तेवढ्याच पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर. केळं आपण क जीवनसत्त्वासाठी खातच नाही. त्याची खरी दौलत म्हणजे पोटॅशियम, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पोटॅशियम हे खनिज आहे. ते उन्हात उडत नाही, तव्यावर जळत नाही, पत्र्यावर वाळवलं तरी जागच्या जागी राहतं. लाखांच्या यंत्रानं 9 मिलिग्रॅमची राखण करायची आणि त्याला पोषणक्रांती म्हणायचं!

जे वाढतं त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. केळ्याच्या गरात तीन चतुर्थांश पाणी असतं. ते काढलं की उरलेल्या भुकटीत निम्म्याच्या आसपास साखर असते. ती फळाचीच, कबूल. पण अख्खं केळं चावून खाताना जी साखर पेशींच्या आत बांधलेली असते, ती दळल्यावर मोकळी होते. ब्रिटनमध्ये आरोग्य खात्यानं मोकळ्या साखरेची जी व्याख्या ठरवली आहे, तिच्यात फळांच्या रसाबरोबर गर आणि पावडरीतली साखरही धरली आहे. अख्ख्या सुक्या फळातली धरलेली नाही. आता हिशेब पाहा. एका मध्यम केळ्याचा गर 100 ग्रॅम, त्याची पावडर 25 ग्रॅम. दोन मोठे चमचे पावडर म्हणजे साधारण अर्धं केळं. फैजपुरात अर्धं केळं द्यायला पोराला बरणी लागते? दुधात केळं कुस्करून साखर-वेलदोडा घालायचा, याला आपण शिकरण म्हणतो आणि ते करायला पात्यांचीही गरज पडत नाही.

इथं समोरून उत्तर येतं की बाबा, हे खायला नाही, विकायला आहे. ठीक. मग विकण्याचाच हिशेब करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथं आहे.

घरगुती आकाराचं यंत्र एका घाण्यात 5 किलोच्या आसपास ताजा गर घेतं. साल धरून ती 8 किलो केळी झाली. घाणा पुरा व्हायला एक ते दीड दिवस लागतो. 30 तास धरू. यंत्र सरासरी एक किलोवॉट वीज ओढतं असं धरलं तर 30 युनिट झाले. हातात येते सव्वा किलो पावडर. युनिटला 10 रुपये धरले तर विजेचेच 300 रुपये. आत घातलेली केळी किलोला 10 रुपयांनी धरली तर 80 रुपयांची. ज्या मालाला भाव मिळत नाही म्हणून आपण रडतो, त्या मालाच्या जवळपास चौपट पैसे विजेच्या बिलात घालायचे, आणि यंत्राचा हप्ता, पंपाचं तेल, पिशव्या, मजुरी अजून बाजूलाच आहे. पदार्थविज्ञान सांगतं की 5 किलो गरातलं पावणेचार किलो पाणी बर्फातून थेट वाफेत न्यायला खरं तर 3 युनिटही पुरे आहेत. बाकीची 27 युनिटं जातात गोठवण्यात, हवा उपसण्यात आणि निघालेली वाफ धरून ठेवणारा सापळा थंड ठेवण्यात. बाहेर सावलीत 45 अंश असताना आत उणे 40 राखायचे, म्हणजे 85 अंशांचा फरक रात्रंदिवस सांभाळायचा. मध्येच लाईट गेली आणि बर्फ वितळला तर घाणा बसला, चिकट लगदा झाला.

एवढ्यावरही कुणी हौसेनं तयार असेल तर त्यानं आपली खोडं मोजावी. आमच्याकडे शेत एकरात कमी आणि खोडांत जास्त सांगतात. हजार खोडं म्हणजे अगदी लहान बाग. घडाची रास, म्हणजे सरासरी वजन, 15 किलोची धरली तर 15 टन माल. एका यंत्रात 8 किलोचा घाणा टाकत गेलो तर पावणेदोन हजारांवर घाणे होतात. यंत्र एक दिवसही बंद न ठेवता सहा वर्षांहून जास्त काळ. तोवर बागेचं पहिलं पीक म्हणजे नवती, खोडवा म्हणजे पिलबाग, सगळं होऊन जाईल. जिल्ह्यात केळीचं क्षेत्र पन्नास हजार हेक्टरांच्या घरात आहे. त्या माळरानाएवढ्या मालाची कोंडी स्वयंपाकघरातल्या यंत्रानं फुटेल, असं सांगणाऱ्यानं एकदा तरी कटाईच्या दिवशी बागेत उभं राहावं. खांद्यावर घड घेऊन चिखलातून ट्रॅक्टरपर्यंत चालणाऱ्या माणसांची रांग सकाळी सातला सुरू होते आणि एका बागेचा एका दिवसाचा माल त्यांना दुपारपर्यंत पुरतो. ती रांग पाहिल्यावर 8 किलोच्या घाण्याबद्दल बोलायला जीभ जड होते.

पुढची अडचण आपल्या हवेची आहे. पिकल्या केळ्याच्या पावडरीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर. कोरडं फ्रुक्टोज पाच अंशांच्या आसपास आणि ग्लुकोज तीस अंशांच्या आसपास काचेसारखी कडक अवस्था सोडून मऊ व्हायला लागतं. थोडा ओलावा मिळाला की त्याहूनही लवकर. मिश्रणात हे तापमान थोडं वर जातं, पण भुसावळच्या मे महिन्याला पुरून उरेल इतकं नाही. एप्रिलमध्ये भुरभुरणारी पावडर श्रावणात उघडून पाहा. वर हलकी तांबूस साय धरलेली असते, चमचा खुपसला तर उभाच राहतो, आणि हलवायला गेलं की बरणीसकट उचलला जातो. कडेला गुळाच्या ढेपेसारखा थर बसलेला असतो, तो सुरीनं खरवडावा लागतो. कारखानदार यावर उपाय म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. ते स्टार्चपासूनच केलेलं एक कर्बोदक, त्यानं पावडर सुटसुटीत राहते. पण ते घातलं की ‘शंभर टक्के फळ’ ही घरगुतीपणाची सगळी ऐट संपली.

घरगुतीपणाबद्दल आणखी एक. प्रत्यक्षात बहुतेक जणी यंत्र घेत नाहीत, घेणं परवडतच नाही. त्या फ्रीझ-ड्राय फळांच्या तयार पिशव्या मागवतात आणि त्या दळतात. ब्लूबेरी आणि ड्रॅगन फ्रूट कुठून आलं याचा पत्ता पिशवीच्या मागच्या बारीक अक्षरांत. केळीच्या आगारात बसून बाहेरचं फळ दळायचं आणि त्यावर आपल्या गावाचं नाव चिकटवायचं, याला गावचा उद्योग म्हणत असतील तर तिखटाच्या चक्कीवाल्याला मिरचीचा शेतकरी म्हणायला हरकत नाही.

पावडरीचा हा प्रयोग जिल्ह्याला नवा आहे असंही कुणी समजू नये. 1978 साली भवरलाल जैन यांनी जळगावातला एक आजारी कारखाना लिलावात 30 लाख रुपयांना घेतला. त्या काळी ही रक्कम डोळे फिरवणारी होती. तो कारखाना होता केळीच्या पावडरीचा, आणि चौदा वर्षं जुना. जैन यांनी तिथं पुन्हा केळीची पावडर केली नाही. यंत्रं बदलून पपईच्या चिकापासून पपेन काढायला घेतलं आणि ते परदेशात विकलं. भोवती केळीच्या राशी, हातात केळी पावडरीचाच कारखाना, आणि धंद्याची जाण अशी की पुढे त्यातून जगभर पसरलेला उद्योग उभा राहिला; त्या माणसानं केळी सोडून पपईचा चीक धरला. स्मूदी पावडरीच्या प्रशिक्षणात ही गोष्ट पहिल्या तासाला सांगायला हवी. मी तरी ती कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेली ऐकली नाही.

भाज्यांचं काय? इथं मी थोडा मऊ होतो. पालेभाजीला कडक ऊन खरंच मारक आहे. हिरवा रंग आणि कॅरोटीन दोन्ही जातं. पण त्यावरचा तोडगा आमच्या आयांना ठाऊक होता, सावलीत वाळवणं. शेवग्याचा पाला माळ्यावर कापडावर पसरला की खानदेशच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत चुरचुरतो आणि हातानं चोळून त्याची पूड होते. पालक-बीटाच्या पावडरीबद्दल मात्र सावध राहा. दोन्हींत ऑक्झॅलेट भरपूर, आणि पाणी काढल्यावर चमच्यामागे ते दाट होतं. मुतखड्याचा त्रास असलेल्या घरात ही पावडर रोज सकाळी पौष्टिक म्हणून ओतू नये. आणि वांगं? बामणोदच्या भरिताच्या वांग्याला, जळगाव भरीत वांगी म्हणून, भौगोलिक मानांकन आहे. त्याची पावडर करून स्मूदीत घालायची सूचना अजून तरी कुणी केलेली नाही; करील त्याच्याशी मी बोलणार नाही.

उन्हातल्या वाळवणावर धूळ बसते, माश्या बसतात, हा आक्षेप मात्र खोटा नाही. एप्रिलच्या वावटळीत गच्चीवरच्या कुरडयांवर काय काय येऊन पडतं ते ज्यानं झटकलंय त्यालाच माहीत. पण धुळीवरचं उत्तर झाकलेला सौर वाळवणी संच हे आहे, उणे 40 अंश नव्हे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीनं असे संच मराठवाड्यातल्या गावोगावच्या बायकांच्या दारात नेले. त्या कांदा, आलं, टोमॅटो वाळवतात आणि माल घेण्याची हमी कंपनी देते. 2023 साली या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्यात यंत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक आधी ठरलेलं होतं. आणि इंधन फुकट. मे महिन्यात एका चौरस मीटरवर दिवसाला सहा-सात युनिटांएवढं ऊन इथं पडतं. अँडीजच्या शेतकऱ्याला देवानं हिम दिलं, त्यानं हिम वापरलं. आपल्याला ऊन दिलंय.

आता गांधीजींचं नाव घेणाऱ्यांकडे वळतो. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून उभी केली. खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन गांधीजींनी उघडलं. या तपशिलातच उत्तर आहे. जवळचं सामान, जवळचं इंधन, गावच्या हातांतली कला, आणि बिघडलं तर गावच्याच सुताराला-लोहाराला दुरुस्त करता येईल असं साधन. फ्रीझ-ड्रायरचा व्हॅक्यूम पंप बिघडला की मेकॅनिक पुण्याहून की सुरतेहून, यावर आठवडा जातो. ज्याला हे यंत्र विकायचं आहे त्यानं खुशाल विकावं, पण गांधीजींच्या खांद्यावर ठेवून विकू नये.

यंत्र विकलं जातं त्याचं कारण मला वेगळंच दिसतं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 2020 पासून प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि ‘एक जिल्हा एक उत्पादन’ यात जळगावच्या वाट्याला केळी आलेली आहे. यंत्र जेवढं महाग तेवढं अनुदान मोठं, तेवढं कोटेशन फुगलेलं. विक्रेत्याचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल होतात. उरलेला 65 टक्के भार, कर्ज आणि स्वतःचा हिस्सा मिळून, बाईच्या नावावर राहतो. पावडर विकली गेली नाही तर तिच्या दारात बँकेचा माणूस येतो, प्रशिक्षण देणारा येत नाही.

आणि या सगळ्यात मूळ दुखणं बाजूलाच राहतं. रावेर आणि बऱ्हाणपूरला जाहीर होणारा भाव एक, आणि बागेत व्यापारी प्रत्यक्ष देतो तो भाव दुसरा, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दोन हजारांच्या वर गेलेला क्विंटलचा भाव काही आठवड्यांत निम्म्याखाली येतो, तेव्हा केळीतलं पाणी वाढलेलं नसतं. कापणी लांबवता येत नाही, पिकवणी केंद्रं आणि शीतगृहं पुरेशी नाहीत, वापसी कशाला म्हणायचं हे घेणारा ठरवतो. या प्रश्नांना पावडर हे उत्तर देणं म्हणजे शेतकऱ्याला सांगणं की भाव पडला हा तुझा दोष, तू प्रक्रिया केली नाहीस.

प्रक्रिया करूच नये असं माझं म्हणणं नाही. वेफर्सवर फैजपूर-सावद्यात कितीतरी चुली चालतात, यावलला केळीची बिस्किटं होतात. पण नवीन काही करायचंच तर कच्च्या केळीचं पीठ करा. कच्च्या केळीत साखर अगदी थोडी आणि स्टार्च भरपूर असतं, त्यामुळे पीठ चिकटत नाही, श्रावणातही सुटं राहतं. लिंबाच्या पाण्यातून काढलेल्या चकत्या एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत खटखटीत होतात आणि गावच्या गिरणीत दळता येतात. 2021 साली लॉकडाउनमध्ये कर्नाटकात शिरसीच्या भागात ‘बाकाहू’ नावानं हीच मोहीम घराघरांतून चालली. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. आमच्याकडे तर मे-जूनच्या वादळात भरत आलेल्या बागा आडव्या होतात, आणि पडलेला घड कच्चाच असतो. स्मूदीला तो चालत नाही, पिठाला चालतो. उपासाच्या थालीपिठाला हे पीठ विकत घेणारं गिऱ्हाईक जळगावपासून पुण्यापर्यंत प्रत्येक एकादशीला तयार आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी आणि जांभूळवाल्यांनी मिळून एखादा सामायिक फ्रीझ-ड्राय कारखाना जरूर काढावा. त्यांचं फळ चार दिवसांचं, नाजूक आणि महाग. केळं वर्षाचे बारा महिने निघतं आणि स्वतःच्या सालीच्या पाकिटात येतं.

पुढच्या प्रशिक्षणाला फैजपुरातल्या बायकांनी तीन कागद मागावेत. ज्या घरी हे यंत्र वर्षभर चाललं तिथली बारा महिन्यांची वीजबिलं, ऑगस्टमध्ये उघडलेल्या बरणीतल्या ओलाव्याचा तपासणी अहवाल, आणि पावडर घेणाऱ्या कंपनीचा भावासकट लेखी करार. ते समोर ठेवल्याशिवाय हजेरीपटावर सही करू नये.